सव्वाला सुरू होणारं विद्यापीठ

सर गेले त्याला येत्या जुलैत वर्ष होईल. विद्यापीठानं सगळ्यांना ई-मेल पाठवली होती. ‘आमच्या फानाऊचे लाडके सदस्य’ असं तिच्यात लिहिलं होतं. फानाऊ म्हणजे माओरी भाषेत कुटुंब, सगळा गोतावळा. मोठा शब्द आहे तो. ज्यांचा आहे ते जपून वापरतात. ज्या म्हाताऱ्या माणसाला आपण कामावरून काढलं त्याच्यासाठी तो वापरताना या लोकांना काहीही वाटलं नाही. मी ती ई-मेल बसमध्ये वाचली आणि बसमध्येच उत्तर लिहिलं: कुटुंबातले होते तर काढलंत कशाला? त्यावर ऑटोमॅटिक उत्तर आलं. आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे.

मला पत्रकं लिहायची सवय. चिंचवडला कॉलेजात असल्यापासून लिहितेय. पत्रकात मागणी असते, मुदत असते, खाली ‘बहुसंख्येने उपस्थित राहा’ असतं. सरांच्या बाबतीत आता कसलीच मागणी उरलेली नाही. म्हणून हे जरा वेगळ्या पद्धतीनं लिहावं लागतंय.

सर रुमानियाचे. ऑकलंडच्या आमच्या विद्यापीठात ते इतिहासाचा एक पेपर शिकवायचे. इथे पेपर म्हणजे कोर्स. नाव होतं ‘युरोपातील विद्यापीठांचा इतिहास’. कंत्राटावर शिकवायचे, कित्येक वर्षं कंत्राटावरच. दर नोव्हेंबरात त्यांना माहीत नसायचं की फेब्रुवारीत आपण आहोत की नाही. याला इथे ‘फ्लेक्सिबल’ म्हणतात. आपल्याकडे याला काय म्हणतात ते छापता येत नाही.

कोर्सच्या नावात युरोप होता, पण सर शिकवायचे एकच विद्यापीठ. स्वतःचं. पॅरिस, प्राग वगैरे पहिल्या दोन आठवड्यांत उरकून टाकायचे, नको असलेल्या पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावावं तसे. मग खडू उचलायचे. त्या खोलीत खडूचा फळा नव्हता, तरी खडू त्यांच्या कोटाच्या खिशात असायचाच. मग म्हणायचे, ‘‘हं. आता आमच्याकडे येऊ.’’

पहिल्या दिवशी मी दहाच्या वर्गाला घामाघूम होऊन पोचले. दाराबाहेरच्या बाकावर एक उंच, वाकलेला म्हातारा बसला होता. फेब्रुवारीचा उकाडा, आजूबाजूची पोरं जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत, आणि हा माणूस जाड तपकिरी कोटात.

‘‘आत जा, बसा, गप्पा मारा,’’ तो म्हणाला. ‘‘मी सव्वादहाला येतो.’’

‘‘पण टाइमटेबलात दहा लिहिलंय.’’

‘‘टाइमटेबल बरोबर आहे. वर्ग दहाचाच आहे. मी सव्वादहाचा आहे.’’

सरांच्या विद्यापीठात तशी पद्धतच होती. तासाचा पहिला पाव भाग मुलांचा. कुणी लांबून येतं, कुणाचे बूट ओले असतात, कुणाला दुसऱ्याची वही बघायची असते, कुणाला दुसऱ्याकडे बघायचं असतं. शिक्षकानं त्या वेळात आत पाय टाकायचा नाही. पाव तास झाला की मात्र ठोक्याला आत. आणि पाव तासानंतरही शिक्षक आला नाही, तर मुलं मोकळी; उठून घरी गेली तरी कुणी बोलायचं नाही. ही पद्धत सरांनी विमानातून बरोबर आणली आणि ऑकलंडच्या मंगळवारात बसवली. डिपार्टमेंटकडून वेळेबद्दल विचारणा झाली की ते या पद्धतीचा इतिहास लिहून पाठवायचे, तळटीपांसकट. विचारणारा थकायचा. माझ्या शेजारी बसणारा एक किवी मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘‘म्हणजे हा माणूस मुद्दाम पंधरा मिनिटं लेट येणार? स्वीट ॲज.’’ म्हणजे झकास. पुढे तोच मुलगा दहाच्या आधीच यायला लागला. का, तर त्या पाव तासात गप्पा छान व्हायच्या.

सर मला ‘कोलेगा’ म्हणायचे. सगळ्याच विद्यार्थ्यांना म्हणायचे. त्यांच्याकडे प्राध्यापक मुलांना सहकारी म्हणतात म्हणे. मी त्यांना सर म्हणायचे. बाकी सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारायचे, इथली रीत आहे तशी, पण माझी जीभ वळायची नाही. एकदा म्हणाले, ‘‘कोलेगा, सर म्हणजे पोलीस अधिकारी वाटतो.’’ मी म्हटलं, ‘‘आमच्याकडे सर म्हणजे गणिताचा मास्तर.’’ ते विचारात पडले. म्हणाले, ‘‘बरं. पण ते तर जास्त वाईट आहे.’’

त्यांचा इतिहास नेहमी ‘आम्ही’नं सुरू व्हायचा. ‘‘आम्हाला दुसऱ्यांदा हाकललं तेव्हा थंडी होती...’’ असं ते सांगायला लागले की वाटायचं, तरुणपणचं काहीतरी सांगतायत. थोड्या वेळानं कळायचं, तीन-चारशे वर्षांपूर्वीचं चाललंय. एका राजानं पाद्र्यांना बोलावून गावात कॉलेज काढलं. गावकऱ्यांनी पाद्र्यांना हाकललं. ते परत आले. परत हाकलले. मग साथ आली, आणि उरलेसुरले मेले. ‘‘आम्ही फार थोडे वाचलो,’’ सर म्हणायचे. स्वतः देव न मानणारा माणूस त्या पाद्र्यांसाठी खरोखर कष्टी व्हायचा. पुढे साम्राज्यं बदलली, शिकवायची भाषा बदलली: लॅटिन, जर्मन, हंगेरियन, रुमानियन. महायुद्धात सीमाच सरकली, आणि अख्खं विद्यापीठ पुस्तकांच्या पेट्या घेऊन दुसऱ्या गावी राहायला गेलं. युद्ध संपल्यावर परत आलं. पुढे काही वर्षं एकाच गावात दोन भाषांची दोन विद्यापीठं होती. मग वरून हुकूम आला आणि दोन्हीचं एक केलं.

‘‘माझे वडील एका विद्यापीठात ग्रंथपाल होते,’’ सर एकदा म्हणाले, ‘‘आणि आई दुसऱ्यात शिकवायची. दोन्हींचं एक झालं, आणि तेव्हापासून आमच्या घरात जेवताना कुणी बोललं नाही. एक झालं असं कागदावर लिहिलेलं होतं. ताटं दोन बाजूंना होती.’’

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

इथे कार्यक्रमांत आपली ओळख पेपेहा म्हणून, म्हणजे माओरी पद्धतीनं, करून देतात. माझा डोंगर हा, माझी नदी ही, माझे पूर्वज या होडीतून आले. होडीला वाका म्हणतात. डिपार्टमेंटच्या बैठकीत सरांवर पाळी आली. त्यांनी डोंगर सांगितला. नदी सांगितली, छोटी आहे, हिवाळ्यात गोठते म्हणाले. होडीपाशी थांबले. ‘‘माझं विद्यापीठ,’’ ते म्हणाले. ‘‘पुष्कळदा बुडालेलं आहे, त्यामुळे अनुभव भरपूर आहे.’’ तिथे बसलेल्या एक माओरी प्राध्यापिका एवढ्या मनापासून हसल्या की सर लाजले.

एकटे राहायचे, माउंट रॉस्किलला, भाड्याच्या छोट्या युनिटमध्ये. लग्न केलेलं नव्हतं, किंवा केलं असेल तर आम्हाला सांगितलेलं नव्हतं. ते व्हिएन्नामार्गे इथे आले होते, ‘‘कारण नकाशात यापेक्षा लांब काही दिसेना.’’ मी पलीकडच्या गल्लीत भाड्यानं राहायचे. मार्चमध्ये, इथला उन्हाळा संपत आला की, ते मला सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांत घेऊन जायचे, वांगी आणायला. वांगी आणि लाल ढोबळी मिरची भाजून, सोलून, कांदा-टोमॅटोत तासन्‌तास शिजवून त्यांच्याकडे झाकुस्का नावाचा प्रकार करतात. बाटल्यांत भरून थंडीसाठी ठेवतात. म्हणजे भरीतच, फक्त जास्त गंभीर. सँडरिंगहॅमचे दुकानदार सरांना ओळखून होते. सर एकेक वांगं कानाशी धरायचे.

‘‘अंकल, ते बोलणार नाही तुमच्याशी,’’ काउंटरवरचा पंजाबी मुलगा म्हणायचा.

‘‘हे झोपलेलं आहे,’’ सर गंभीरपणे सांगायचे. ‘‘मला जागं पाहिजे.’’

एका वर्षी मी त्यांच्या नकळत एका पातेल्यात चार हिरव्या मिरच्या वाटून घातल्या. सरांनी चमचाभर खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं. पाणी प्यायले, नाक पुसलं, परत चमचा भरला. ‘‘हरकत नाही,’’ म्हणाले. ‘‘आम्ही तुर्कांनाही सहन केलं होतं.’’

त्यांना आपल्या मंडळाच्या पाडव्यालाही नेलं होतं एकदा. कार्यक्रम माउंट रॉस्किलच्याच एका शाळेच्या हॉलमध्ये, निमंत्रणावर चारची वेळ. सरांच्या हिशेबानं आम्ही सव्वाचारला पोचलो. हॉलमध्ये मेघनाताई होत्या, मंडळाच्या सेक्रेटरी, आणि एक माणूस माइक तोंडाशी धरून ‘हॅलो, हॅलो’ करत होता. बाकी शुकशुकाट. पाच वाजता लोक आले. सव्वापाचला गणेशवंदना. सरांचा चेहरा असा उजळला होता की विचारू नका.

‘‘कोलेगा, एक तास! अख्खा तास! हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. किती जुनं आहे तुमचं विद्यापीठ?’’

‘‘काय म्हणतायत गं ते?’’ मेघनाताईंनी विचारलं.

‘‘म्हणतायत, आपण फार जुनी विद्वान माणसं आहोत.’’

‘‘असं? मग म्हणावं विद्वानांनी खुर्च्या लावायला हात लावावा, ती पोरं आयपॅडवरून उठत नाहीयेत.’’

सरांनी कोट न काढता खुर्च्या लावल्या. पण रांगेत नाही. व्याख्यानाच्या दालनासारख्या, अर्धगोलात. मेघनाताईंनी कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘राहू दे. बरं दिसतंय.’’

आता वाईट भाग.

माझ्या दुसऱ्या वर्षी विद्यापीठानं ‘बदलाचा प्रस्ताव’ काढला. इतिहासाचे बरेच पेपर बंद करून त्यांचा मिळून एक नवा, कौशल्यांचा पेपर करायचा. सरांचा पेपर त्यात गेला. प्रस्ताव वाचायला छान होता. ‘समृद्ध वारसा’ होता, ‘नव्या वाटा’ होत्या, ‘एकत्र येऊन बळकट होणं’ होतं. सरांनी तो कॉरिडॉरमध्ये उभ्यानं वाचला आणि मला परत दिला.

‘‘बंद करणारे लोक नेहमी चांगलं लिहितात,’’ म्हणाले. ‘‘आमच्याकडेही फार चांगलं लिहायचे. चारही भाषांत.’’

‘‘सर, आपण लढू या.’’

‘‘तुम्ही लढा. तुमचं वय आहे.’’

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण तेव्हा बऱ्याच जणांनी ‘त्यांना पेन्शन तर मिळते ना’ असं मला ऐकवलं. हो, मिळत होती. प्रश्न पोटाचा नव्हताच. सर एकदा, फार वर्षांनी, आपल्या गावी जाऊन आले होते. विद्यापीठ तिथे आहे. मोठं झालंय, देखणं झालंय, चांगलं चाललंय. गेटवरच्या पोरानं त्यांच्याकडे कार्ड मागितलं. आत गेले तर ओळखीचं कुणी नाही, ओळखीची खोली नाही. ‘‘तिथे मी टुरिस्ट होतो,’’ म्हणाले. ‘‘फोटो काढला आणि आलो.’’ जे विद्यापीठ त्यांचं होतं, पाद्र्यांचं, साथीचं, पुस्तकांच्या पेट्यांचं, आईचं आणि वडिलांचं, ते जगात फक्त एका ठिकाणी शिल्लक होतं: ऑकलंडमध्ये, मंगळवारी सकाळी, आमच्या वर्गात. वर्ग गेला की ते गेलं. एवढंच होतं. आणि एवढं सगळं होतं.

मी पत्रक लिहिलं. मोठ्या टायपात ‘आमचा इतिहास विकू देणार नाही!’ सरांनी लाल पेननं तपासून दिलं. सगळी उद्गारचिन्हं खोडली. ‘‘हे चिन्ह म्हणजे टेबलावर मूठ. आमच्याकडे याचा पुष्कळ वापर झाला आहे.’’ मग ‘कधीही’ खोडलं. इतिहासात असा शब्द नाही म्हणाले. मग ‘ऐतिहासिक लढा’ खोडला. तो झाल्यावर ठरवू म्हणाले. शेवटी कागदावर उरलं ते इतकं: पेपरचं नाव, वार, वेळ, खोली, ‘या’.

‘‘हे काय पत्रक झालं?’’ मी चिडले.

‘‘हेच पत्रक आहे, कोलेगा. बाकी राग होता.’’

रागावरच माझा सगळा कारभार चालतो हे त्यांना कोण सांगणार. मी माझंच छापलं, उद्गारचिन्हांसकट. सह्या गोळा केल्या. डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, दारात उभी राहिले, बसस्टॉपवर उभी राहिले. ज्यांना रुमानिया कुठे आहे हे माहीत नव्हतं अशा लोकांनी ‘हीप्स ऑफ लक’ म्हणत सह्या दिल्या. आणि भांडून भांडून, प्रस्तावावर निर्णय घेणाऱ्या समितीपुढे सरांसाठी वेळ मिळवली. कंत्राटी माणसाला बोलवायचा त्यांचा विचारच नव्हता. मी डीन बाईंच्या मागे लागले, तेव्हा कुठे दहा मिनिटं मिळाली. सकाळी दहाला.

सरांच्या स्वयंपाकघरात तयारी केली. सर उभे, मी घड्याळ घेऊन.

‘‘दहा मिनिटांत आम्ही अजून पाद्र्यांपर्यंतही पोचत नाही.’’

‘‘पाद्री नकोत, सर.’’

‘‘पाद्री नकोत?’’

‘‘साथ पण नको. फक्त पेट्या सांगा. युद्धात पुस्तकं घेऊन गेलात ते. आणि जेवणाची ताटं. ताटं सांगितलीत ना, तर ते गप्प होतील.’’

सर म्हणाले, ‘‘बरं. ताटं सांगतो.’’ आणि सांगितली. माझ्या हातातलं घड्याळ मी विसरले. नऊ मिनिटांच्या आतबाहेर झालं असावं. मला वाटलं, जिंकलो.

त्या दिवशी मला सोबतीण म्हणून आत बसायची परवानगी होती. समितीत डीन बाई, एचआरचा एक तरुण माणूस आणि बाहेरचा एक सदस्य. दहा वाजले. सर नाहीत. फोन बंद. रॉस्किलच्या रस्त्यावर खोदकाम चालू होतं, बस अडकली असणार, असं समजून मी खोलीच्या मागच्या दारानं जिना उतरून खाली धावले. स्टॉपवर गेले. बस आली, दुसरी आली. सर नाहीत. परत वर आले तर दार उघडं होतं आणि सर आत उभे होते. कोट, कंगवा फिरवलेले केस. खुर्चीत दुसराच कुणीतरी बसून बोलायला लागला होता.

सर पावणेदहालाच आले होते. दाराबाहेर बाकावर बसले होते. सेक्रेटरीनं एकदा डोकं बाहेर काढून बघितलं, तर एक म्हातारा शांत बसलेला. तिला वाटलं, कुणाचीतरी वाट बघतोय. तिनं विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. सव्वादहा झाले तसे ते उठले, दार वाजवलं आणि ठोक्याला आत गेले.

‘‘किया ओरा, सॉरी हं, आम्ही पुढे गेलो,’’ डीन बाई इथला नमस्कार घालत म्हणाल्या. चांगल्या सुरात म्हणाल्या, हे कबूल करायला हवं. ‘‘तुमचं म्हणणं ई-मेलवर पाठवा ना.’’

‘‘मी वेळेवर आहे,’’ सर म्हणाले.

‘‘तुमची वेळ दहाची होती.’’

‘‘हो. दहाचीच.’’

सरांनी मान थोडी झुकवली आणि ते बाहेर आले.

समोरच्या बागेत मी त्यांच्यावर ओरडले. शेजारच्या बाकावरचं जोडपं उठून गेलं एवढी ओरडले. शेकडो माणसांच्या सह्या, सर! माझी परीक्षा बुडाली, सर! एक दिवस दहाला आत गेला असतात तर तुमचा राजा रागावणार होता का? सर ऐकत होते. मी दमल्यावर बोलले.

‘‘मी तिसऱ्या वर्षाला होतो. आमचे एक शिक्षक होते, फार चांगले. एका सकाळी पाव तास झाला, आणि ते आले नाहीत. नियमाप्रमाणे आम्ही मोकळे. पण कुणी उठलं नाही. आम्ही पूर्ण तास बसून राहिलो. ते कुठे गेले हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात दुसरा माणूस आला. दहाच्या ठोक्याला आला, कोलेगा. आम्ही अजून कोट काढत होतो. म्हणाला, पुस्तकं उघडा. त्या दिवशी मी ठरवलं, आपण दहाच्या ठोक्याला आत जाणारा माणूस व्हायचं नाही.’’

‘‘पण सर, हे ऑकलंड आहे. इथे कुणी कुणाला उचलून नेत नाही.’’

‘‘मला माहीत आहे.’’

‘‘मग?’’

‘‘मग काही नाही. दहा वाजले, मला दिसलं. उठायला हवं, हेही कळत होतं.’’ त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ‘‘पाय उठले नाहीत.’’

माझ्याकडे फक्त घोषणा होत्या.

त्या दहा मिनिटांनी काही वाचलं नसतं, निर्णय आधीच झाला होता, असं मला नंतर सगळ्यांनी समजावलं. असेल. पण ज्या समितीला बाहेर बसलेल्या माणसाला ‘आपण कोण?’ असं विचारावंसं वाटत नाही, त्या समितीला इतिहास बंद करायचा अधिकार कुणी दिला, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

महिन्याभरात निर्णय आला. सेमिस्टरच्या शेवटी पेपर बंद. शेवटच्या वर्गाला सरांनी रडारड केली नाही. पुस्तकांच्या पेट्या परत गावी आल्या तिथपर्यंत आणून सोडलं आणि पुढचं तुम्ही वाचा म्हणाले.

मग डिपार्टमेंटनं निरोपाचा मॉर्निंग टी ठेवला. स्टाफरूममध्ये लॅमिंग्टन नावाचे खोबऱ्यात घोळलेले केक, सॉसेज रोल, सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी गेले. डीन बाई दोन मिनिटं बोलल्या. मग म्हणाल्या, ‘‘दोन शब्द बोलाल ना?’’

सरांनी ताटली खाली ठेवली. ‘‘माझ्या भाषेत बोललो तर चालेल?’’

चालेल? सगळे खूश झाले. अर्थातच! किती छान!

सर रुमानियन बोलायला लागले. आवाज हळू, हात अंगासरशी. आधी डीन बाईंकडे बघून बोलले. मग एचआरच्या माणसाकडे वळले आणि त्याच्याकडे बघून बोलले, बराच वेळ. एकदा थांबले, तेच वाक्य परत म्हटल्यासारखं वाटलं. एकदा उजवा तळहात छातीवर ठेवला. सगळे ऐकत होते, न कळणारी भाषा ऐकताना चेहरा जरा मऊ करून ऐकतात तसे. माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. शाब्बास, म्हणत होते मी. सुनावतायत. इतक्या वर्षांचं एकदम सुनावतायत, आणि हे मान डोलावतायत, वेडे. सर थांबले. टाळ्या झाल्या. एक बाई डोळे टिपत होत्या. ‘‘ब्यूटिफुल, जस्ट ब्यूटिफुल,’’ डीन बाई म्हणाल्या, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे भाषणानंतर सगळ्यांनी उभं राहून वायाता म्हटली, माओरी गाणं. छान म्हटली.

मी सरांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. उरलेले लॅमिंग्टन फॉइलमध्ये बांधून कुणीतरी त्यांच्या हातात दिले होते. वारा होता. मला राहवेना.

‘‘सर, सांगा ना. चांगलं झापलंत ना त्यांना?’’

‘‘नाही.’’

‘‘मग काय बोललात?’’

सरांनी फॉइलचं पुडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

‘‘मला ठेवा म्हणालो. एक वर्ग द्या म्हणालो. लहान चालेल, तळघरात चालेल, पगार नको. तुम्ही सांगाल ते शिकवीन. तुम्ही सांगाल त्या वेळेला येईन. हे मी दोनदा म्हणालो. त्या तरुण माणसाला म्हणालो, तुम्ही माझ्या मुलासारखे आहात, मला काढू नका.’’

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

‘‘सर, हे इंग्रजीत का नाही बोललात?’’

‘‘इंग्रजीत बोललो असतो,’’ सर म्हणाले, ‘‘तर त्यांना कळलं असतं, कोलेगा.’’